हातभर पाण्याचा संशय

मित्रांनो, मी एक जुना पाईप आहे. साक्री तालुक्यातल्या वाघदरे गावच्या धरणात, गेटाच्या मनोऱ्याला टेकून मी उभा असतो. माझे पाय पाण्यात आणि डोकं उन्हात. आज तुम्हाला माझी हकीकत सांगणार आहे. पण आधीच बजावतो, माझ्या शब्दावर लगेच विश्वास ठेवू नका. ज्यांनी ठेवला, त्यांना तो फार महागात पडला.

माझा जन्म जळगावचा. तिथल्या एका कारखान्यात पांढरी भुकटी तापवली, साच्यातून दाबून नळीसारखी बाहेर काढली, थंड पाण्याच्या हौदातून ओढली आणि वीस फुटांवर करवत फिरवली. झाला पाईप. अंगावर निळी अक्षरं उमटली, तेव्हा मी स्वतःला फार मोठा समजायला लागलो. दोन दिवसांत ट्रकमध्ये पडलो आणि साक्रीच्या बाजारात प्रकाशचंद शेठच्या दुकानासमोर येऊन उभा राहिलो.

त्या दुकानात मी संशय शिकलो. येणारा प्रत्येक जण आधी माझ्यावर बोटांची पेरं वाजवून बघायचा. मग काठ अंगठ्याने दाबायचा, मग आडवा पाडून वर उभा राहायचा. "शेठ, भंगाराचा माल तर नाही ना घातला यात?" हे ठरलेलं. प्रकाशचंद शेठ गल्ल्यावरून न उठता म्हणायचे, "अहो, नाचून बघा की त्याच्यावर. माल जळगावचा आहे, गंमत नाही." आणि गिऱ्हाईक खरंच नाचायचं! तीन महिने लोक माझ्या अंगावर नाचत होते. तेव्हापासून मीही प्रत्येकाकडे तिरक्या नजरेने बघायला लागलो. फक्त स्वतःकडे तसं बघायचं असतं, हे मला कुणी शिकवलं नाही.

एके दिवशी उन्हाळ्यात लोटन नाना दुकानात आले. नाना म्हणजे वाघदऱ्याच्या धरणाचे चौकीदार. तीस वर्षं धरणाची पाणीपातळी रोज सकाळी बघायची, रजिस्टरात लिहायची, पाटबंधारे खात्याच्या साहेबांचा हुकूम आला की गेट उघडायचं, हे त्यांचं काम. घरी काय आणि गावात काय, सगळे त्यांना नानाच म्हणत. त्यांच्याबरोबर त्यांची लेक हेमांगी होती. ती शिकून दूर समुद्राच्या अभ्यासाच्या एका कचेरीत नोकरीला लागली होती. नानांनी मला वाजवलं नाही, दाबलं नाही. नुसता हात फिरवला आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, "हाऊ चांगला शे." म्हणजे, हा चांगला आहे. माझ्यावर संशय न घेणारा पहिला माणूस मला भेटला, आणि मी तिथेच त्यांचा झालो.

माझ्यासारखेच आणखी दोन पाईप घेतले. एकाला एक जोडून आम्हाला मनोऱ्याशी उभं केलं. सगळ्यात खालचा, पाण्यात पाय ठेवून उभा राहणारा तो मी; पण जोडल्यावर तिघांचा एकच पाईप झाला आणि वरचं टोकही माझंच डोकं झालं. माझं खालचं तोंड टोपणाने बंद केलं आणि पायापाशी अंगठ्याएवढी चार भोकं पाडली. धरणावर वाऱ्याने लाटा उठतात, पाणी सारखं हलतं, नेमकं माप मिळत नाही. माझ्या पोटात मात्र पाणी भोकांतून हळूच येतं आणि शांत राहतं. बाहेर जेवढं पाणी, तेवढंच माझ्या आत. वरचं टोपण उघडून टेप सोडायची, टोकाचं वजन पाण्याला टेकलं की आकडा वाचायचा. काम एवढंच, पण मोठ्या जोखमीचं.

आता हे सगळं कशासाठी? तर आकाशातल्या एका उपग्रहासाठी.

मला बसवण्याच्या दिवशी हेमांगीने जमलेल्या गावकऱ्यांना समजावून सांगितलं. तेराशे किलोमीटर उंचीवरून एक उपग्रह फिरतो. तो खाली रेडिओची हाक मारतो. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तशी ती पाण्यावर आपटून परत जाते. परतायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती उंचीवर आहे ते कळतं. त्याचं खरं काम समुद्र मोजण्याचं. पण भर समुद्रात पट्टी घेऊन कोण उभं राहणार? म्हणून त्याचं माप खरं की खोटं ते एखाद्या शांत जलाशयावर ताडून बघतात. दर दहा दिवसांनी तो अरबी समुद्रावरून येतो आणि अर्ध्या मिनिटाच्या आत बरोबर वाघदऱ्याच्या धरणावरून जातो. त्या दिवशी त्याचा आकडा आणि माझा आकडा शेजारी शेजारी ठेवायचे.

"समुद्र मोजीसन काय भेटस?" गर्दीतून योगराजने विचारलं. हा पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला शेती करणारा माणूस. पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष. सगळ्यांचं घेऊन उरलं तर त्याला पाणी मिळायचं, म्हणून त्याचा कोणावरच भरवसा नव्हता. मला तो लगेच आवडला.

हेमांगी म्हणाली की समुद्रसुद्धा वर्षभर एका पातळीवर नसतो. भरती-ओहोटी वेगळी, ती रोजची. ही ऋतूंची चढउतार. आपल्या पश्चिम किनाऱ्याला पावसाळ्यात समुद्र थोडा खाली बसतो आणि हिवाळ्यात वर येतो. कुठे चार बोटं, कुठे वीतभर.

धरणाच्या भिंतीवर एकच हशा पिकला.

नानांनाही राहवलं नाही. "पावसायामा बठ्ठ्या नद्यास्ना पूर समुद्रमा जास, आनि समुद्र खाले बसस? असं कोठे ऱ्हास का, पोरी!"

"ऱ्हास, नाना," असतं म्हणजे असतं, अशा ठामपणे हेमांगी म्हणाली आणि पुन्हा समजावू लागली. पावसाळ्यातले वारे आणि प्रवाह किनाऱ्याजवळचं पाणी ओढून नेतात, खालचं थंड पाणी वर येतं, थंड पाणी आक्रसतं. हिवाळ्यात प्रवाह उलटतात आणि पाणी किनाऱ्याकडे लोटतात. नद्यांच्या पुराचं एवढ्या मोठ्या समुद्राला काय? ती बोलत राहिली, पण लोकांनी हसायचं ठरवलं होतं. मीही मनातल्या मनात हसलो. उंटावरून शेळ्या हाकणारा हा उपग्रह! ज्याला भर पावसात समुद्र उतरलेला दिसतो, तो वाघदऱ्याचं पाणी काय मोजणार? त्या दिवशी मी ठरवून टाकलं, की आकाशातल्या या पाहुण्यावर नजर ठेवायची.

हेमांगी वर गेल्यावर नाना खाली माझ्या पायापाशी थांबले. त्यांनी पिशवीतून एक जुनं निळं लुगडं काढलं, त्याचा हातभर तुकडा फाडला आणि माझ्या भोकांवरून तीन वेढे देऊन सुतळीने घट्ट बांधला. आमच्या खान्देशात विहिरीत पाईप सोडायचा तर त्याच्या पायाला फडकं बांधायचंच, नाहीतर गाळ, पालापाचोळा मोटारीत जातो. तीस वर्षं धरण बघितलं तरी नाना मुळात विहिरीचे शेतकरी. दाराला कडी लावावी तितक्या सहज त्यांनी ते बांधलं आणि कोणाला सांगितलंही नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं त्यांना वाटलंच नाही. मला मात्र फार बरं वाटलं. अक्षरं सोडली तर माझ्या अंगावर चढलेला तो पहिला कपडा होता.

पहिलं वर्ष माझ्या कौतुकाचं गेलं. उपग्रहाचा आणि माझा आकडा दोन-चार बोटांच्या फरकाने जुळायचा. हेमांगीच्या कचेरीतून शाबासकीचं पत्र आलं. साक्रीच्या शाळेची पोरं सहलीला आली आणि माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी टाळ्या वाजवल्या. धुळ्याच्या वर्तमानपत्रात फोटो छापून आला. फोटोत मी पूर्ण होतो, नानांचं मात्र फक्त टोपीपर्यंतचं डोकं आलं होतं. साहेबांनी हुकूम काढला की यापुढे रजिस्टरात पातळी लिहायची ती पाईपातलीच. भिंतीवरची रंगवलेली जुनी पट्टी तशीही खालच्या बाजूला पार खरवडून गेली होती, आकडे दिसत नव्हते. ती पुन्हा रंगवायचं कोणाच्या मनातही आलं नाही. एवढा खरा पाईप असताना पट्टीकडे कोण बघणार?

आणि माझ्याकडे तरी कोणी बघितलं? टोपण उघडायचं, टेप सोडायची, आकडा घ्यायचा, टोपण लावायचं. माझ्या पायाशी काय चाललंय, हे दुसऱ्या पावसाळ्यात कोणी वाकून पाहिलं नाही.

त्या पावसाळ्यात डोंगरातून लालभडक गाळ आला. दिवाळीला नेहमीप्रमाणे धरण भरलेलं होतं. पाटाला पाणी सुटलं, धरण उतरायला लागलं, आणि उपग्रहाचा आकडा माझ्यापेक्षा खाली जायला लागला. दिवाळीत फरक चार बोटांचा होता. संक्रांतीला वीतभर झाला. शिमग्याला हातभर.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू? मी म्हटलं, बघा, पाहुणा उघडा पडला. समुद्र खाली बसतो म्हणणारा आता आमचं धरणही खाली बसवतोय. हेमांगीने फोनवर विचारलं, "नाना, आकडा नीट घेताय ना?" नानांनी त्याच दिवशी तीन वेळा टेप सोडली. तिन्ही वेळा मी तोच आकडा दिला. नाना ठणकावून म्हणाले, "पाईप खोटं बोलत नही. तुनं वरलं यंत्र तपास."

चैत्रातलं शेवटचं आवर्तन, म्हणजे पाटाला पाणी सोडायची पाळी आली. पिण्याच्या पाण्यासाठी आणि उभ्या कांद्यासाठी. नानांच्या रजिस्टरातल्या पातळीवरून साहेबांनी हिशेब केला, बारा दिवस पाणी सुटेल. गेट उघडलं. नवव्या दिवशी गेटातून पाण्याऐवजी चिखल यायला लागला आणि दहाव्या दिवशी तोही थांबला.

योगराजच्या टोकापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं. दुसऱ्या सकाळी तो वीस-पंचवीस माणसं घेऊन धरणावर आला. साहेब आधीच येऊन उभे होते.

"रजिस्टरमा पानी शे आनि पाटमा नही," योगराज ओरडला. "मंग ते गयं कोठे? नानाना सालाना कांदा बरा हिरवागार शे!"

ताईबाईचा, म्हणजे नानांच्या बायकोचा भाऊ धरणाच्या वरच्या अंगाला कांदा लावायचा. त्याची स्वतःची विहीर होती, पण ते कोणाला आठवायचं होतं? इथे कुठेतरी पाणी मुरतंय, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं मला दिसत होतं.

नाना म्हणाले, "पानी शे, साहेब. गेटना तोंडले गाळ बसेल शे, म्हनीसन ते बाहेर निंघत नही." आणि सगळ्यांदेखत त्यांनी टेप सोडली. मी छाती काढून आकडा दिला. गेटाच्या उंबऱ्याच्याही वर हातभर पाणी! पण कोणी टेपेकडे बघितलं नाही. ज्याच्यावर संशय आहे, त्याच्याच हातातली टेप कोण खरी मानणार? साहेबांनी गेटाच्या किल्ल्या मागून घेतल्या. सात दिवसांत लेखी खुलासा द्या म्हणाले. नानांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. तीस वर्षं कोणी एका शब्दाने बोललं नव्हतं, आणि आता लोटन चौकीदार पाणीचोर म्हणून घरी जाणार होता. नानांनी किल्ल्या एक एक करून मोजल्या आणि साहेबांच्या हातावर ठेवल्या. मला इतका राग आला की आकाशात तो उपग्रह असता तर मी त्याच्याकडे बघून थुंकलो असतो. पण तो पुढच्या मंगळवारी येणार होता.

चार दिवसांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. हेमांगीही आली, पण झोक्याकडे गेली नाही. सकाळीच बापाला घेऊन धरणावर आली. ताईबाई पाठोपाठ आली, डब्यात सांजोऱ्या घेऊन, कारण दोघंही काही न खाता निघाले होते. तिघं माझ्याजवळच्या पायरीवर बसले.

हेमांगीने कागद उलगडला. त्यावर दोन रेघा होत्या, एक माझी आणि एक त्याची. पहिलं वर्षभर त्या एकमेकींना चिकटून चालत होत्या. दिवाळीनंतर फाटा फुटला. तिने समुद्रावरचे आकडेही तपासून आणले होते. त्याच फेरीत, त्याच दिवशी, धरणावर येण्याच्या अर्धा मिनिट आधी त्याने समुद्राची जी उंची मोजली, ती किनाऱ्यावरच्या मापाशी बरोबर जुळत होती. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

तिने कागदाची घडी घातली. मग मान वर न करता तिने विचारलं, "नाना, खरं सांगा. पानी कोनले दिधं का तुम्ही?"

मित्रांनो, गावाने पाणीचोर म्हटलं तेव्हा नाना उभे होते. लेकीने विचारलं तेव्हा ते पायरीवर बसलेलेच एकदम म्हातारे झाले. त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "तुले बी असंच वाटनं का?" एवढंच म्हणाले. हेमांगीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण शब्द तिने मागे घेतले नाहीत. फाटा फुटलेल्या रेघांचा दुसरा अर्थ तिला लागत नव्हता.

ताईबाईने डबा खाली ठेवला. या बाईला ना उपग्रह माहीत होता ना रेघा. ती म्हणाली, "घरमा दूध कमी पडनं तं मी पहिले मापटं देखस, मंग दूधवालाले बोलस. तुम्ही बापलेक मापटं सोडीसन एकमेकस्ले काय बोली ऱ्हायनात?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

पाणी आता इतकं उतरलं होतं की माझ्या पायापाशी ते गुडघाभरच होतं. हेमांगी साडीचा काचा मारून उतरली. तिने पाण्यात हात घालून माझा पाय चाचपला. भोकं तिच्या हाताला लागेनात. तिथे होता एक गुळगुळीत, काळा, गाळाने माखलेला गोळा. तिने सुतळी तोडायचा प्रयत्न केला, तुटेना. नानांनी खिशातली आडकित्त्यासोबतची छोटी सुरी दिली. सुतळी तुटली, गोळा सुटला आणि माझ्या चारही भोकांतून पाणी भसाभसा बाहेर पडलं. काळपट, कुबट वास येणारं, हातभर उंचीचं पाणी. ते सगळं बाहेरच्या पाण्यात मिसळेपर्यंत तिघं बघत उभे होते.

मी दिवाळीपासूनचं जुनं पाणी पोटात धरून बसलो होतो. भोकं गाळाने बुजलेली, त्यातून थेंब थेंब पाझरत होतो आणि ते शिळं माप रोज सकाळी ताजं म्हणून सांगत होतो. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा माझा धंदा. ज्याला मी उंटावरचा शहाणा म्हटलं, तो तेराशे किलोमीटरवरून खरं सांगत होता. खोटा होतो तो मी, तेही मनोऱ्याला चिकटून, ज्याने माझ्यावर संशय घेतला नाही त्या एकाच माणसाच्या हाताशी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. त्या क्षणी मला वाटलं, यापेक्षा प्रकाशचंद शेठच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या नाचण्याने मी मोडलो असतो तर बरं झालं असतं.

ताईबाईने तो गोळा पाण्यात खळबळून पिळला. निळा रंग दिसला, मग पिवळी फुलं. "अय माय! हाई तं मनं लुगडं शे! दोन वरीस मी कुंदावर आळ लिधा!" कुंदाबाई म्हणजे तिची जाऊ. दोरीवरचं लुगडं हिनेच नेलं म्हणून ताईबाई दोन वर्षं तिच्याशी बोलली नव्हती. ती हसायला लागली, मग डोळ्यांना पदर लावला. पण नाना हसले नाहीत. ते फडक्याकडे बघत होते. त्यांना सगळं समजलं होतं.

"मी बांधं," ते म्हणाले. "मना हातनी बांधं."

हेमांगी घाईघाईने म्हणाली, "कोनले सांगू नका, नाना. मी अहवालमा लिखसू, शेवाळ साचनं व्हतं. तेवढं पुरं शे." ते खोटंही नव्हतं, शेवाळ होतंच. पाण्यात फडकं सोडून दिलं असतं तर ते गाळात बसलं असतं आणि नानांच्या तीस वर्षांवर एक डागही पडला नसता. सगळा दोष माझ्या आणि शेवाळाच्या माथी गेला असता. मी तयार होतो.

"नही," नाना म्हणाले. "शेवाळनी फडकं बांधं नही. लोटन चौकीदारनी बांधं. तसं लिख." मग म्हणाले, "आते पानी चोरं नही हाई सांगानं शे, तं पहिले चूक मनी हाई सांगनं पडी. आर्धं खरं कोन मानी?"

हेमांगी रडत म्हणाली, "मी तुमले असं इचारं, नाना..."

"इचारं ते बरं करं. मनमा ठेवती तं माले कसं समजतं?" असं म्हणून त्यांनी डब्यातली सांजोरी मोडून अर्धी तिच्या हातावर ठेवली. ती तिने ओल्या हातानेच खाल्ली.

त्याच दुपारी नाना ते निळं फडकं खांद्यावर टाकून चावडीवर गेले. साहेबांनाही बोलावणं धाडलं. तिथे काय झालं ते मला नंतर धरणावर आलेल्या लोकांच्या बोलण्यातून कळलं. नानांनी सगळ्यांसमोर सांगितलं, पाणी कोणी चोरलं नाही. जे पाणी रजिस्टरात होतं, ते धरणात नव्हतंच. माझ्या हाताने माप चुकलं, तुमच्या कांद्याचं नुकसान माझ्या फडक्याने झालं. कोणी हसलं, कोणी हळहळलं. साहेबांनी खुलासा लिहून घेतला, नानांना एक ताकीद दिली आणि किल्ल्या परत केल्या. ताकीद कागदावर राहिली, पण चोर हा शब्द पुसला गेला. नानांना तेवढंच हवं होतं.

योगराज मात्र तसाच उठून गेला. माफी वगैरे काही नाही. म्हणाला, फडकं आज बांधून आज सोडलं नाही कशावरून?

आणि पुढच्या सोमवारी तो धरणावर हजर! हातात वेळूची काठी, तिच्यावर स्वतः खाचा पाडलेल्या. आधी काठी बाहेरच्या पाण्यात उभी केली, मग माझं टोपण काढून टेप सोडली, मग दोन्ही आकडे ताडून बघितले. नाना बाजूला उभे होते. "माले कोनवर इस्वास नही, नाना," तो म्हणाला. "मी सोता देखसू."

"देख ना भाऊ," नाना म्हणाले. "देखाकरताच तं शे हाऊ पाईप." आणि वाकून, स्वतःच्या हाताने माझी चारही भोकं काडीने साफ करून दाखवली.

नाना आता निवृत्त झाले आहेत. गेल्या श्रावणात हेमांगी त्यांना समुद्र दाखवायला घेऊन गेली. परत आल्यावर पारावरच्या लोकांनी विचारलं, काय नाना, समुद्र खाली बसला होता का? नाना म्हणाले, लाटाच इतक्या की वर काय आणि खाली काय, डोळ्यांना काही समजेना. म्हणून तर वरून मोजतात. पूर्ण पटलं असं ते अजून म्हणत नाहीत. हिवाळ्यात पुन्हा जाऊन बघणार आहेत.

मी आहे तिथेच आहे. ऊन लागून अंग ठिसूळ झालंय, निळी अक्षरं उडाली आहेत. दर दहा दिवसांनी तो वरून जातो, तेव्हा माझ्या मनात पहिली शंका आता माझ्याबद्दलच येते. नवा चौकीदार कामाचा आहे, पण कंटाळा आला की वरूनच टेप सोडून जातो. दर सोमवारी योगराज येतो, म्हणून माझं बरं चाललंय. ज्या आठवड्यात तो येत नाही, त्या आठवड्यात मला माझ्या पोटातल्या पाण्याची खात्री वाटत नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला एक विनंती. कधी साक्रीकडे आलात आणि माझ्या आकड्याबद्दल, उपग्रहाबद्दल, नाहीतर कोणा माणसाबद्दल शंका आली, तर जरूर घ्या. पण चावडीवर बसून घेऊ नका. पायऱ्या उतरून खाली या, टोपण काढा, वाकून नीट बघा. आणि जाता जाता माझे पाय तेवढे साफ करून जा.